‘अर्धसत्य’: पटकथेतील अंतःसंघर्ष

कथा-कादंबरीकाराला आपल्या पात्राच्या मनात थेट शिरता येते. पात्र काय म्हणाले आणि त्या वेळी त्याला खरे काय वाटत होते, हे तो एकाच वाक्यात सांगू शकतो. पटकथाकाराला ही मुभा नसते. पडद्यावर दिसते ते शरीर आणि ऐकू येतो तो आवाज. मन दिसत नाही. म्हणून पात्राचा अंतःसंघर्ष पटकथेत आणायचा, तर त्याचे रूपांतर कृतीत, निर्णयात किंवा निर्णय टाळण्यात करावे लागते. जी पटकथा हे साधत नाही, ती मग मनोगते, स्वप्नदृश्ये किंवा स्पष्टीकरणवजा संवाद यांचा आधार घेते. जी साधते, तिच्यात कथानक आणि व्यक्तिरेखा असे दोन वेगळे घटक उरत नाहीत.

या दृष्टीने विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांची ‘अर्धसत्य’ची पटकथा अभ्यासनीय आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या मराठी कथेवर आधारलेला, गोविंद निहलानी यांनी दिग्दर्शित केलेला आणि वसंत देव यांचे संवाद असलेला हा हिंदी चित्रपट १९८३ साली प्रदर्शित झाला. मुंबईच्या पोलीस दलातील अनंत वेलणकर या उपनिरीक्षकाची ही कहाणी आहे. प्रामाणिक अधिकारी, गुंड, गुंडाला पाठीशी घालणारे राजकारण आणि शेवटी गुंडाचा वध, एवढाच आराखडा पाहिला तर तो लोकप्रिय चित्रपटातलाच वाटावा.

हा आराखडा प्रेक्षकांना नवा नव्हता. सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या, प्रकाश मेहरा दिग्दर्शित ‘जंजीर’मध्ये (१९७३) असाच एक पोलीस अधिकारी आहे. लहानपणी आईवडिलांची हत्या पाहिलेल्या विजयला पांढऱ्या घोड्यावरील अनोळखी स्वाराचे स्वप्न वारंवार पडते. तेथेही मानसशास्त्र आहेच. परंतु ते कुलपाच्या किल्लीसारखे आहे. स्वप्नातला स्वार कोण हे कळले, खलनायक सापडला की मनाची गाठ सुटते. नायकाच्या आतल्या जखमेचे कारण बाहेर आहे आणि ते नाहीसे करता येते. ‘अर्धसत्य’चा नायकही शेवटी रामा शेट्टीला मारतो, पण त्याच्या जखमेचे कारण रामा शेट्टी नाही. दोन पटकथांमधला मूलभूत भेद येथे आहे.

वेलणकरच्या मनातील पेचाचे मूळ घरात आहे. वडील पोलीस खात्यातले, घरात धाक असलेले, पत्नीवर हात उचलणारे. मुलाला पुढे शिकायचे होते; वडिलांनी त्याला खात्यात ढकलले. आईला मार बसत असताना काहीही करू न शकलेला मुलगा मोठेपणी वर्दी घालतो, तेव्हा त्या वर्दीला दोन परस्परविरोधी अर्थ असतात. ती दुबळ्यांना वाचवण्याचे साधन आहे, आणि ज्या बापाचा त्याला तिरस्कार वाटतो त्याच्याच पौरुषाचा तो वारसाही आहे. दुबळ्याच्या बाजूने उभे राहण्याची ऊर्मी आणि मारण्यातून मिळणारी सत्तेची जाणीव ही त्याच्या मनात एकमेकींत गुंतलेली आहेत. तो चांगला आहे की वाईट, हा प्रश्नच पटकथा बाद करते.

यानंतरची घटनांची मांडणी पाहावी. शेट्टीच्या माणसांना सोडण्याचे दडपण तो झुगारतो. वस्तीतल्या एका गरिबाच्या पत्नीची छेड काढणाऱ्यांना तो कोठडीत बडवतो. ते आमदाराचे कार्यकर्ते निघतात आणि निलंबनाची टांगती तलवार त्याच्यावर येते. नोकरी वाचते, ती ओळखीपाळखीच्या मध्यस्थाकरवी. शेट्टीला अटक करायला तो जातो, तर एका दूरध्वनीसरशी त्याला परत फिरावे लागते. धोका पत्करून तो एका दरोडेखोराला पकडतो, पण श्रेय दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळते. प्रत्येक प्रसंगात अपमान वरून येतो, आणि वरच्यावर त्याचा हात पोहोचत नाही. साचलेला क्षोभ मग खालच्या दिशेने वाहू लागतो. आधी दारू, आणि नंतर रेडिओच्या चोरीचा आळ असलेला एक किरकोळ चोर, जो त्याच्या माराने कोठडीत मरतो. हे प्रसंग केवळ एकामागून एक येत नाहीत; प्रत्येक प्रसंग आधीच्या प्रसंगाने मनात निर्माण केलेल्या ताणातून उपजतो. अंतःसंघर्षातून कथानक घडते, असे म्हणताना नेमके हेच अभिप्रेत असते.

दुय्यम पात्रांची योजनाही याच तत्त्वावर आहे. हैदर अली व्यवहारी तडजोडीचा मार्ग दाखवतो. निलंबित, व्यसनाधीन लोबो हे वेलणकरचे संभाव्य भविष्य आहे. साहित्याची प्राध्यापिका ज्योत्स्ना गोखले ही त्याच्या वाट्याला न आलेल्या आयुष्याची, विद्येची आणि संवेदनशीलतेची खूण आहे. तिच्या सहवासात तो दिलीप चित्रे यांची कविता वाचतो, तो प्रसंग या दृष्टीने मार्मिक आहे. सहज सुरू झालेले वाचन पुढे पुढे जड होत जाते, कारण चक्रव्यूहाची ती प्रतिमा आपल्याविषयीच बोलते आहे हे वाचणाऱ्याला उमगत जाते. तो स्वतःविषयी एक शब्दही बोलत नाही. दुसऱ्याचे शब्द वाचताना त्याचा चेहरा बोलतो. कादंबरीत ज्यासाठी निवेदन लागले असते, ते येथे ओम पुरी यांच्या मुद्रेवर आणि स्वरावर सोपवलेले आहे.

याच लेखक-दिग्दर्शकांच्या ‘आक्रोश’शी (१९८०) तुलना केली, तर पद्धतीची लवचीकता ध्यानात येते. पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू तेथे जवळजवळ अखेरपर्यंत बोलत नाही. त्याचे मौन हाच कथानकाचा कणा आहे. बोललो तर मागे उरलेल्यांचे काय होईल, या भीतीने ते बांधलेले आहे. शेवटी तो बहिणीवर कुऱ्हाड चालवतो, तेव्हा त्या अघोरी कृतीचा अर्थ त्या मौनातूनच लागतो. एका पटकथेत शब्दांचा अभाव, दुसरीत वर्दीने दिलेला आवाज. पण दोन्हींत मनाचा उलगडा कृतीने होतो, आणि ती कृती विध्वंसक असते.

येथेच एक आक्षेप उभा राहतो, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. मनाच्या खोलात उतरणारी पटकथा प्रेक्षकाला नायकाच्या जवळ नेते. त्या जवळिकीतून त्याचा अपराध सौम्य भासू लागण्याचा धोका असतो. वेलणकरचे बालपण, त्याची घुसमट, त्याचे अपमान आपल्याला ठाऊक असतात. त्याच्या हातून मरणाऱ्या चोराचे बालपण आपल्याला ठाऊक नसते. ‘आक्रोश’मधील बहिणीचे मनही भावाच्या वेदनेआड झाकले जाते. समज आणि क्षमा यांतले अंतर किती, हा प्रश्न मनोविश्लेषणात्मक लेखनाला नेहमीच विचारावा लागतो. तेंडुलकरांनी या अंतराचे भान सोडलेले नाही, हे चोराच्या मृत्यूनंतर पटकथा नायकाला कोणतेही समर्थन पुरवत नाही, यावरून दिसते. तरीही मेलेल्याला स्वतःचा चेहरा मिळाला असता, तर नायकाचा पेच अधिक दाहक झाला असता, असे म्हणावेसे वाटते.

शेवटाचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावा लागतो. आपली सुटका करून घेण्यासाठी वेलणकर ज्याच्याकडे जातो, तो रामा शेट्टी आता निवडणुकीच्या रिंगणात आहे आणि मदतीच्या मोबदल्यात तो निष्ठा मागतो. वेलणकर त्याचा गळा दाबतो आणि पोलिसांच्या स्वाधीन होतो. प्रेक्षागृहातील टाळ्यांना हा विजय वाटू शकतो. पटकथेच्या तर्काने तो तसा नाही. आजवर खाली वाहणारा क्षोभ प्रथमच वरच्या दिशेने वळतो, एवढे खरे. परंतु त्यासाठी वापरलेले साधन तेच, बापाकडून आलेले आणि चोराचा जीव घेणारे. हात तोच, केवळ गळा बदललेला. ही कृती न्यायही आहे आणि पराभवही; दोहोंपैकी एकच मानणे म्हणजे अर्धे सत्य स्वीकारणे होय.

‘गिधाडे’ आणि ‘सखाराम बाइंडर’ या नाटकांतून माणसातील हिंसेचा शोध घेणाऱ्या लेखकाने तोच शोध पटकथेच्या माध्यमातही चालू ठेवला. पटकथेला साहित्यात स्थान द्यावे की नाही, हा वाद कायम राहील. पण पात्राच्या मनातला पेच न सोडवता तो कृतीतून अखेरपर्यंत नेण्याची शिस्त ज्या लेखनात आहे, ते लेखन वाङ्मयाच्या अभ्यासकाने वगळावे, असे कोणतेही कारण दिसत नाही.