राखीव पोर्ट आणि रूटचा अधिकार : एक चिकित्सा

युनिक्स प्रणालीत १०२४ पेक्षा कमी क्रमांकाचे पोर्ट केवळ रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्यालाच उघडता येतात, हा नियम सामान्यतः सुरक्षिततेचा नियम म्हणून शिकवला जातो. तो मुळात कोणाच्या सुरक्षिततेसाठी होता, याची चौकशी मात्र क्वचितच होते. ती केल्याशिवाय रूटविना हे पोर्ट हाताळण्याच्या प्रचलित उपायांचे मूल्यमापन शक्य नाही.

नियमाचे मूळ बर्कली येथील बीएसडी युनिक्समध्ये आहे. १९८३ च्या ४.२ बीएसडीतील आरलॉगिन व आरएसएच या सेवा, विश्वासू म्हणून नोंदवलेल्या यंत्रावरून येणाऱ्यास परवलीचा शब्द न विचारता प्रवेश देत. आलेली विनंती त्या यंत्राच्या अधिकृत प्रोग्रॅमने पाठवली की तेथील एखाद्या सामान्य वापरकर्त्याने रचली, हे ओळखण्याची खूण म्हणजे विनंतीचा पोर्ट क्रमांक. तो १०२४ च्या आत असेल, तर पाठवणारा रूटच, असे हे गृहीतक होते. यंत्रे मोजकी व जबाबदार हातांत होती तोवर ते चालून गेले. नोव्हेंबर १९८८ मधील मॉरिस वर्मने पसरताना आरएसएचच्या याच परस्परविश्वासाचाही उपयोग करून घेतला. पुढे व्यक्तिगत संगणकावर जो तो रूट झाला आणि खुणेचा मूळ अर्थ संपला. नियम मात्र उरला.

उरलेल्या नियमाची किंमत सेवा पुरवणाऱ्या प्रोग्रॅमनी मोजली. टपालसेवेला २५ व वेबसेवेला ८० क्रमांकाचा पोर्ट हवा. त्या एका क्रमांकासाठी संपूर्ण यंत्राची सत्ता हाती घ्यावी लागे. एका खोलीची किल्ली हवी असणाऱ्यास अख्ख्या वाड्याचा जुडगा द्यावा, तसा हा प्रकार होता. अपाची सर्व्हरने यावर तडजोड काढली : रूट म्हणून पोर्ट उघडायचा आणि प्रत्यक्ष विनंत्या मर्यादित अधिकारांच्या उपप्रक्रियांकडे सोपवायच्या. ही तडजोड शहाणपणाची खरी. पण ती पाळण्याची जबाबदारी प्रत्येक प्रोग्रॅमच्या लेखकावर पडते.

मग हा नियम सरळ रद्दच का करू नये? आता यंत्राची ओळख पोर्टवरून नव्हे, तर एसएसएचची किल्ली किंवा वेबचे प्रमाणपत्र यांवरून पटते, असा युक्तिवाद केला जातो. तो अर्धाच खरा आहे. लेट्स एन्क्रिप्टने २०१५ पासून स्वयंचलित प्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला. त्यामागील एसीएमई या नियमावलीतील एका प्रचलित पद्धतीत प्रमाणपत्र देणारी संस्था त्या नावाच्या यंत्राच्या ८० क्रमांकाच्या पोर्टवर येऊन ठरावीक उत्तर मिळते का, एवढेच पाहते. तेथे उत्तर देईल तो त्या नावाचा धनी! म्हणजे पोर्टवरचा विश्वास संपला असे म्हणत ज्या प्रमाणपत्राकडे बोट दाखवले जाते, तेच पुन्हा पोर्टवर उभे आहे. अनेकांच्या सामाईक यंत्रावर वेबसेवा बंद पडल्याच्या क्षणी एखाद्या सामान्य वापरकर्त्याने ८० क्रमांकाचा पोर्ट बळकावला, तर त्या नावाचे प्रमाणपत्रही त्याच्या पदरात पडू शकते.

या कसोटीवर सर्वांत लोकप्रिय उपाय सर्वांत दुबळा ठरतो. आयपीटेबल्सच्या साह्याने ८० वरची वाहतूक ८०८० कडे वळवली की सर्व्हर रूटविना चालतो. परंतु ८०८० हा राखीव पोर्ट नाही. सर्व्हर थांबताच कोणीही तो व्यापावा आणि वळवलेली सारी वाहतूक, प्रमाणपत्राच्या तपासणीसह, आपसूक त्याच्या दारी यावी.

लिनक्समध्ये २००८ पासून, २.६.२४ या कर्नलपासून, रूटच्या सत्तेतील केवळ राखीव पोर्ट उघडण्याचा अंश सेटकॅप या आज्ञेने एखाद्या फाइलला देता येतो. विचार म्हणून हा उपाय निर्दोष आहे. व्यवहारात, पायथॉनमधील सर्व्हरसाठी तो अधिकार पायथॉनच्या दुभाष्यालाच द्यावा लागतो, आणि मग त्या यंत्रावरील पायथॉनचा प्रत्येक प्रोग्रॅम त्याचा धनी होतो. शिवाय नवी आवृत्ती बसवताना फाइल बदलली की अधिकार नाहीसा होतो व सेवा सुरू होत नाही. डेबियनमधील ऑथबाइंड हा उपाय कोणत्या वापरकर्त्यास कोणता पोर्ट, हे नेमके ठरवू देतो, एवढे त्याचे श्रेय मान्य करावे लागेल.

या सर्वांहून उजवी ठरते ती जुनीच कल्पना. बीएसडीतील आयनेटडी स्वतः पोर्ट उघडून ठेवी आणि मागणी आली की संबंधित सेवेस जागे करी. २०१० मध्ये आलेल्या सिस्टमडीने ही कल्पना पुन्हा उभी केली. पोर्ट व्यवस्थेच्याच ताब्यात राहतो, सर्व्हरला उघडलेले सॉकेट आयते मिळते. सर्व्हर कोसळला तरी पोर्ट मोकळा पडत नाही. मात्र असे सॉकेट स्वीकारण्याची सोय सर्व्हरमध्ये असावी लागते, आणि ती सर्वत्र नसते.

लिनक्स ४.११ ने २०१७ मध्ये राखीव पोर्टांची मर्यादा शून्यापर्यंत खाली आणण्याची मुभा दिली. डॉकरने २०२० च्या २०.१० आवृत्तीपासून आपल्या कंटेनरांत ती शून्यच ठेवली. कंटेनरचे जाळे स्वतंत्र असल्याने तेथे पोर्ट बळकावणारा शेजारीच नसतो, म्हणून हा निर्णय योग्य. तोच आकडा विद्यार्थी व अध्यापक यांच्या सामाईक सर्व्हरवर उतरवणाऱ्या व्यवस्थापकाने, त्या यंत्रावर खाते असलेल्या प्रत्येकाला, सेवा बंद पडलेल्या क्षणी संस्थेच्या नावाने उत्तर देण्याची मुभा दिलेली असते.