तुरुंगातला लग्नाचा वाढदिवस

आई-बाबांच्या लग्नाला 40 वर्षं झाली तेव्हा ते आमच्याकडे बॉस्टनला आले होते. पोस्टडॉकच्या पगारात त्यांच्यासाठी खास काय करायचं, याचा बराच खल करून मी लिबर्टी हॉटेलात एका रात्रीची खोली घेतली. हे हॉटेल पूर्वी तुरुंग होतं, हे सांगताना मात्र चाचरले. आणीबाणीत बाबा ‘मिसा’खाली चौदा महिने आत होते.

“पैसे भरून तुरुंगात?” बाबा म्हणाले. “आमच्या वेळी फुकट होतं.”

तुम्ही बॉस्टनला आलात तर रेड लाइनच्या चार्ल्स/एमजीएच स्थानकाशेजारी ही ग्रॅनाइटची इमारत दिसेल. वास्तुरचनाकार ग्रिडली ब्रायंट. 1851 साली इथे चार्ल्स स्ट्रीट जेल सुरू झालं, 1990 मध्ये बंद झालं आणि 2007 मध्ये हॉटेल उघडलं. मध्ये प्रचंड उंचीचा घुमटाकार चौक, त्यातून फुटलेल्या चार बाजू आणि उंच कमानदार खिडक्या. कैद्यांनाही उजेड आणि हवा मिळावी, असा सुधारकी विचार त्या काळी या रचनेमागे होता. आज त्या चौकात सोफे मांडलेत. वरचे सज्जे तसेच ठेवलेत. जुनी वास्तू पाडून तिथे काचेचा डबा उभारण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, आणि काम मनापासून केलेलं आहे. आई तर मान वर करून किती तरी वेळ बघत होती.

माझी तक्रार नावांबद्दल आहे. उपाहारगृहाचं नाव ‘क्लिंक’, म्हणजे बोली इंग्रजीत तुरुंग. बारचं नाव ‘अलिबाय’. हॉटेल सुरू झालं तेव्हा ‘त्रास देऊ नका’ ऐवजी दारावर लावायला ‘सॉलिटरी’ अशी पाटी होती, आणि वर्तमानपत्रांनी तिचं कौतुकही केलं होतं. बुटीक हॉटेलाला काहीतरी गोष्ट लागते, नाहीतर ते चारचौघांसारखंच एक हॉटेल. इथे गोष्ट आयती मिळाली. तिचा विनोद करून टाकला.

बुकिंग करताना मीही हसलेच होते. बाबांनी रात्री जेवताना एकच प्रश्न विचारला, “इथे शिक्षा झालेले होते की कच्चे कैदी?”

मला माहीत नव्हतं. नंतर वाचलं. शेवटच्या काही दशकांत इथे मुख्यतः खटल्याची वाट बघणारे लोक होते. ज्यांचा गुन्हा शाबित झालेला नव्हता आणि ज्यांच्याकडे बहुधा जामिनाचे पैसे नव्हते, असे. एका माणसासाठी बांधलेल्या कोठडीत दोघांना कोंबलं जाई. कैद्यांनीच दावा लावला. न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी स्वतः तिथे एक रात्र काढली आणि 1973 मध्ये निकाल दिला, की लोकांना इथे असं ठेवणं घटनाबाह्य आहे. त्यानंतरही तुरुंग रिकामा व्हायला 17 वर्षं लागली.

कुणी म्हणेल, हॉटेल म्हणजे काही संग्रहालय नव्हे. लोक मजा करायला येतात. मान्य. वाढदिवसाच्या जेवणावर कुणी व्याख्यान मागत नाही. पण ‘क्लिंक’ वाचून आपण हसतो तेव्हा डोळ्यांसमोर सिनेमातला रुबाबदार दरोडेखोर असतो. जामिनाअभावी अडकलेला माणूस डोळ्यांसमोर आणला, की ते हसू येत नाही. या वास्तूच्या इतिहासातली सर्वांत मोठी गोष्ट कैद्यांनी कोर्टात जिंकलेली आहे. ‘लिबर्टी’ हे नाव त्या गोष्टीला किती शोभलं असतं! नाव तेच आहे, रोख मात्र भलतीकडे.

तरीही तुम्हाला तिथे जाऊ नका असं मी म्हणणार नाही. चौक बघण्यासारखा आहे, आणि नुसती कॉफी घेऊनही बघता येतो. खोली घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा: बहुतेक खोल्या शेजारच्या नव्या, उंच इमारतीत आहेत, जुन्या तुरुंगाच्या इमारतीत मोजक्याच.

आमची खोली नव्या इमारतीत होती. सकाळी आईने विचारलं, झोप लागली का? बाबा म्हणाले, “उत्तम. दार आतून बंद होत होतं.”