राग जमले, नोंदी राहिल्या

उस्ताद अमीर खाँ यांचे जेवढे गाणे आज इंदूरच्या साध्या रसिकाच्या मोबाइलमध्ये सापडते, तेवढे खाँसाहेबांच्या हयातीत मोठ्या संग्राहकाकडेही नसे. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कोलकात्यात मोटार अपघातात ते गेले. तेव्हा बाजारात त्यांच्या काही ७८ आरपीएम तबकड्या, मारवा-दरबारी आणि मेघ-ललित यांसारख्या मोजक्या एलपी आणि चित्रपटांतली थोडी गाणी एवढेच होते. बाकीचे गाणे आकाशवाणीच्या संग्रहात आणि काही हौशी घरांतल्या स्पूलवर राहिले. स्पूलवरून ते कॅसेटवर उतरले, कॅसेटवरून सीडीवर, आणि आता ते कुठेही ऐकता येते. एवढे हाती आल्यावरही रसिकांच्या चर्चेतले प्रश्न जुनेच आहेत : सर्वांत आवडते ध्वनिमुद्रण कोणते आणि पुढे काय मिळवायचे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते. आजवर न ऐकलेला राग, दुसऱ्या कुणाकडे नसलेली बैठक, आणखी लांब चाललेला खयाल. मला हे उत्तर अपुरे वाटते. आपल्या संग्रहांत आता उणीव आहे ती माहितीची. गाणे कधी झाले, कुठे झाले, तबल्यावर कोण होते, मूळ स्पूल कोणाचे, हे ठाऊक नसलेल्या शंभर ध्वनिमुद्रणांपेक्षा हे सारे ठाऊक असलेली दहा ध्वनिमुद्रणे रसिकाला अधिक शिकवतात. म्हणून यापुढे जमवायच्या आहेत त्या नोंदी.

हे काम जगात इतरत्र झाले आहे, आणि तेही आपल्यासारख्याच उपजेवर उभ्या असलेल्या एका कलेत. जॅझमध्ये धून ठरलेली असते, वादन त्या रात्रीचे असते. त्यामुळे ‘ही धून माझ्याकडे आहे’ एवढ्यावर जॅझच्या रसिकाचे समाधान होत नाही, ती कोणत्या दिवशीची आहे हे तो विचारतो. पॅरिसच्या शार्ल देलोने याने १९३६ मध्येच जॅझच्या तबकड्यांची सूची छापली. कोणत्या सत्रात कोण वाजवत होते, कोणत्या तारखेला, कोणत्या क्रमांकाची तबकडी, अशी ती मांडणी होती, आणि पुढच्या सूचिकारांनी तीच वाट रुंद केली. तिचा उपयोग पाहायचा तर जॉन कोल्ट्रेनचे ‘माय फेवरिट थिंग्ज’ घ्यावे. १९६० मध्ये स्टुडिओत त्याने ही धून वाजवली ती जेमतेम चौदा मिनिटे, आणि जपानमध्ये १९६६ साली ती तासाच्या जवळ गेली. मधल्या काळात ड्रमवरचा एल्विन जोन्स जाऊन रशीद अली आला होता, पियानोवरही माणूस बदलला होता. तारीख आणि साथीदार कळले की या दोन वादनांमध्ये एका कलावंताचा प्रवास ऐकू येतो. ते न कळले तर एकच धून एकदा आखूड आणि एकदा लांब, एवढाच फरक उरतो.

अमीर खाँच्या बाबतीत अशा नोंदींची गरज अधिक आहे, कारण त्यांची गायकी घडत गेलेली आहे. वडील शाहमीर खाँ होळकर दरबारी होते. घरची तालीम, देवासच्या रजब अली खाँच्या तानेचा प्रभाव, भेंडीबाजारच्या अमान अली खाँच्या सरगमेचे संस्कार आणि अब्दुल वहीद खाँच्या अतिविलंबिताची ओढ, या सगळ्यांतून ती तयार झाली. सुरुवातीच्या तबकड्यांतले अमीर खाँ चपळ, तानेत रमणारे वाटतात. एलपीवरचे अमीर खाँ मंद्रात उतरून एकेका स्वराशी थांबतात. यावरून रसिक लगेच म्हणतात की तरुणपणी ते वेगळे गात. हे खरे असेलही. पण ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आसपासच वेळ मिळे. चौदा मात्रांचा झुमरा त्यांच्या नेहमीच्या लयीत घेतला तर एका आवर्तनालाच पाऊण-एक मिनिट लागते, मग त्या बाजूवर चार-पाच आवर्तनांत खयाल संपवावा लागेल. तेव्हा तबकडीवरचा वेग हा गवयाचा स्वभाव की तबकडीची मर्यादा, हे त्याच काळातली मैफल शेजारी ठेवल्याशिवाय ठरवता येत नाही. आणि ‘त्याच काळातली’ हे ठरवायला तारीख लागते. स्वरांचे क्रम फिरवत आलाप वाढवण्याच्या मेरुखंड पद्धतीचेही तसेच आहे. सात स्वरांचे ५०४० क्रम होतात हे गणित कुणीही सांगेल. त्यांपैकी कोणत्या वळणांना खाँसाहेब कोणत्या वर्षांत पुन्हापुन्हा आले, कोणती त्यांनी सोडली, हे एकाच रागाच्या निरनिराळ्या सालांतल्या बैठका ओळीने ऐकूनच समजेल.

नोंद नसल्यामुळे कानाची फसवणूक कशी होते, याचा साधा पुरावा पट्टीत आहे. स्पूलचे यंत्र हळू चालत असताना ध्वनिमुद्रण झाले आणि नंतर ते योग्य वेगाने वाजवले, तर स्वर वर चढतो आणि लयही वाढते. वेगात सहा टक्क्यांच्या आसपास फरक पडला की पट्टी अर्ध्या स्वराने सरकते. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या जगप्रसिद्ध तबकडीला हे ग्रहण लागले होते. २ मार्च १९५९ च्या सत्रात मुख्य यंत्र किंचित मंद चालले, त्यामुळे पहिल्या बाजूवरचे सगळे संगीत कित्येक वर्षे जरा चढ्या सुरात ऐकले गेले. सत्राची पक्की नोंद आणि दुसऱ्या यंत्रावरची फीत जपलेली होती, म्हणूनच ही चूक १९९२ मध्ये दुरुस्त करता आली. मोठ्या कंपनीच्या स्टुडिओत असे होत असेल, तर घरगुती स्पूल, त्याची कॅसेट आणि त्या कॅसेटची कॅसेट या वाटेने आलेल्या खयालाचे काय होत असेल? अमीर खाँच्या आवाजाचे सारे वजन खर्जात आहे. अर्धा स्वर चढलेली प्रत ऐकून आपण त्या आवाजाच्या पोताबद्दल आणि झुमऱ्याच्या लयीबद्दल जे बोलतो, त्यातला काही भाग यंत्राबद्दलचा असतो.

इंदूरपासून थोड्याच अंतरावर देवासला याहून नाजूक प्रश्न उभा आहे. कुमार गंधर्व १९४८ मध्ये तिथे आले, क्षयाने त्यांचे गाणे काही वर्षे थांबवले, आणि पुढे ते नव्याने गाऊ लागले. त्यांच्या छोट्या, झेपावणाऱ्या स्वरवाक्यांचे कारण एका फुप्फुसावर गाणे हे आहे, असे सर्रास सांगितले जाते. ते एक अनुमान आहे आणि ते तपासता येण्यासारखे आहे. आजारापूर्वीच्या तबकड्या आहेत, नंतरच्या बैठका आहेत. दोन्हींतला एकच राग तारखांनिशी समोरासमोर ठेवला, तर शरीराने लादलेले किती आणि बुद्धीने निवडलेले किती, यावर निदान पुराव्याने बोलता येईल. कलावंताच्या निर्मितीचे श्रेय त्याच्या आजाराला देऊन मोकळे होण्यापेक्षा एवढे कष्ट घेणे हा त्याच्याविषयीचा खरा आदर आहे.

यावर पहिला आक्षेप जुन्या जाणकारांचा असतो : मैफल त्या क्षणाची असते, तबकडीत तिचा सांगाडाच सापडतो, मग सांगाड्याची मोजमापे कशाला? या आक्षेपात तथ्य आहे. अल्लादिया खाँचा आवाज तबकडीवर नाही, इंदूरचे पखवाजी नाना पानसे तर ध्वनिमुद्रणाच्याही आधीचे. तरी त्यांची विद्या शिष्यांमधून पोहोचलीच. पण तबकडीतून विद्या पोहोचत नाही, असे यावरून सिद्ध होत नाही. लहानगे कुमार थोरांच्या तबकड्या ऐकूनच हुबेहूब गात होते आणि त्यांच्या असामान्य कानाची ओळख महाराष्ट्राला तशीच झाली. अब्दुल वहीद खाँची तर अगदी मोजकी, अखेरच्या काळातली रेडिओवरची ध्वनिमुद्रणे उरली आहेत. त्यांतला दरबारी ऐकून मग अमीर खाँची दरबारीची एलपी लावली, की कुणाकडून काय घेतले आणि त्याचे पुढे काय केले हे कळते. एवढा मोठा धडा त्या थोड्या मिनिटांत आहे, कारण ते कोणाचे आणि केव्हाचे हे आपल्याला ठाऊक आहे.

दुसरा आक्षेप तरुण रसिकांचा : सगळे इंटरनेटवर आहे, आता घरी संग्रह कशाला? एका अर्थाने ही मोठी न्यायाची गोष्ट घडली आहे. स्पूल बाळगणाऱ्यांच्या दिवाणखान्यातले गाणे आज परदेशीपुऱ्यातल्या जुन्या गिरणी-वस्तीतही तेवढेच ऐकता येते, आणि त्यासाठी कुणाची ओळख लागत नाही. हे मागे फिरू नये. पण मिळणे वेगळे आणि ओळखणे वेगळे. एकच मालकंस तीन नावांनी, तीन वेगळ्या सालांनिशी चढवलेला असतो, खयाल मध्येच तोडलेला असतो, तबलजीचे नाव बहुधा नसतेच. खाँसाहेबांना साधा, भरीव ठेका हवा असे, म्हणून साथीदाराच्या नावाने काय फरक पडतो, असेही कोणी म्हणेल. फरक नेमका इथेच पडतो. इतक्या ठाय लयीत झुमरा न डगमगता धरून ठेवणे हे तबल्याचे अवघड काम आहे आणि आलापाला मिळणारी सारी मोकळीक त्यावर उभी असते. ज्या इंदूरने उस्ताद जहांगीर खाँसारखा तबलानवाज सांभाळला, तिथल्या रसिकांनी तरी हे नाव गाळू नये.

आपल्याकडे नोंदी ठेवण्याची वृत्तीच नाही, ही तिसरी तक्रार मला सर्वांत दुबळी वाटते. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला. कोणत्या वर्षीचा चित्रपट, गीत कोणाचे, संगीत कोणाचे, आवाज कोणाचा, हे त्यामुळे चित्रपटगीतांच्या रसिकाला चटकन सापडते. लता मंगेशकरांचा जन्म इंदूरचा, आणि शहराजवळ पिगडंबरला त्यांच्या तबकड्यांचे संग्रहालय उभे आहे. मुंबईत १९९० पासून तबकडी-संग्राहकांची संस्था काम करते आहे आणि तिच्या नियतकालिकात जुन्या तबकड्यांवर तपशीलवार लिहिले गेले आहे. म्हणजे शिस्त आपल्याकडे आहे. ती चित्रपटगीतांपर्यंत आणि छापील क्रमांक असलेल्या तबकड्यांपर्यंत पोहोचली आणि मैफलीच्या दाराशी थांबली, कारण मैफलीच्या ध्वनिमुद्रणावर क्रमांक नसतो आणि ते ज्याच्याकडे असते त्याला ते आपल्यापुरतेच हवे असते.

यातला नैतिक प्रश्न टाळण्यासारखा नाही. पुष्कळ खासगी ध्वनिमुद्रणे कलावंताच्या स्पष्ट परवानगीवाचून झाली. आवाज कुठे आणि कोणासाठी वापरला जावा याचा हक्क गवयाचा असतो, आणि तो नसताना त्याच्या वारसांचा विचार घ्यायला हवा. पण नोंद ठेवल्याने हा अन्याय वाढत नाही, तो दूर करण्याची वाट मिळते. कुठल्या बैठकीचे कुठले गाणे हे कळले, तरच ते कुटुंबाला दाखवता येते, अभिलेखागाराकडे सोपवता येते. जॅझ पियानोवादक मंक आणि कोल्ट्रेन यांची १९५७ ची कार्नेगी हॉलमधली मैफल २००५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सापडली आणि रीतसर प्रसिद्ध झाली. संस्थेच्या ताब्यात नीट ठेवलेली फीत अर्ध्या शतकानंतरही जगाची होऊ शकते. कपाटात कुलूपबंद ठेवलेली फीत मात्र दमट हवेत आणि बुरशीत संपते.

तर पुढे काय जमवावे? अमीर खाँपासून सुरुवात करणाऱ्याने एकच राग निवडावा, दरबारी किंवा मारवा, आणि एलपी आधाराला धरून त्याच रागाची मिळतील तेवढी निरनिराळ्या काळांतली ध्वनिमुद्रणे गोळा करावीत. ‘बैजू बावरा’मधली द. वि. पलुसकरांबरोबरची देसी जवळ असावी. १९५२ च्या त्या काही मिनिटांत ग्वाल्हेर आणि इंदूर शेजारी बसून गातात, आणि तिची तारीख निर्विवाद आहे. मग अब्दुल वहीद खाँ, अमान अली खाँ, रजब अली खाँ. प्रत्येकापुढे एका साध्या वहीत सात रकाने असावेत : राग, ताल, तारीख, स्थळ, साथीदार, पट्टी, आणि प्रत कोणाकडून आली. माहीत नसलेला रकाना कोरा सोडावा, अंदाजाने भरू नये. हे काम रामबागेतल्या जुन्या मराठी वाड्यात होऊ शकते आणि परदेशीपुऱ्यातल्या दोन खोल्यांच्या घरातही, कारण त्याला पैसा फार लागत नाही, चिकाटी लागते. मात्र ते लवकर व्हायला हवे. खाँसाहेबांना समोर बसून ऐकलेले, कोणत्या बैठकीत कोण साथीला होते हे सांगू शकणारे श्रोते आता फार थोडे उरले आहेत. फिती पुढेही कदाचित सापडतील, पण या श्रोत्यांच्या आठवणींची दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून इंदूरच्या संग्राहकाने नवी बैठक शोधायला निघण्याआधी जवळची ध्वनिमुद्रणे घेऊन या माणसांकडे जावे, ती त्यांना ऐकवावीत आणि ते सांगतील ते त्यांच्या नावानिशी लिहून घ्यावे.