अक्षांशाचे भाषांतर : जयपूरचे जंतरमंतर आणि पर्यावरणकला

प्राचीन पाषाणवास्तू आणि समकालीन पर्यावरणकला यांच्या नात्याची चर्चा सहसा स्टोनहेंजसारख्या प्रागैतिहासिक शिळांपासून सुरू होते. ल्युसी लिपार्ड यांचा ‘ओव्हरले’ (१९८३) हा या विषयावरील महत्त्वाचा ग्रंथ. त्या शिळांचा मूळ अर्थ आज पूर्णपणे हाती नाही. या मौनामुळेच आधुनिक कलावंताला त्यांत स्वतःचा अर्थ भरण्याची मुभा मिळते. जयपूरचे जंतरमंतर या चौकटीत बसत नाही. ते अठराव्या शतकातले आहे, आणि मुख्य म्हणजे ते मुके नाही. सवाई जयसिंहांच्या या वेधशाळेमागे ग्रंथ आहेत. त्यांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या महाराष्ट्रीय पंडितांनी युक्लिड व टॉलेमी यांचे ग्रंथ अरबीतून संस्कृतात आणले होते. ही वास्तू भाषांतराच्या वातावरणातच घडली, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाने विसरू नये.

येथील सम्राट यंत्राच्या शंकूचा उतार जयपूरच्या अक्षांशाइतका, म्हणजे सुमारे २७ अंशांचा आहे. त्यामुळे त्याची कड पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते आणि सावली सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. हेच यंत्र शहराच्या दक्षिणेकडील प्रताप नगरात बांधायचे झाले, तरी काटेकोरपणे पाहता उतार अंशाच्या सुमारे दहाव्या भागाने बदलावा लागेल. जयसिंहांनी दिल्ली, उज्जैन, मथुरा आणि वाराणसी येथेही वेधशाळा उभारल्या. दिल्लीच्या शंकूचा उतार २८ अंशांहून अधिक, तर उज्जैनचा सुमारे २३ अंश. यंत्राचे तत्त्व जपायचे म्हणूनच त्याचे रूप बदलावे लागले. शब्दशः भाषांतर येथे सपशेल चुकीचे ठरले असते.

ही कसोटी आधुनिक कलाकृतींना लावून पाहता येते. इसामु नोगुची यांनी १९४९च्या सुमारास भारतातील या वेधशाळांची छायाचित्रे घेतली. येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयातील त्यांच्या संगमरवरी उद्यानात (१९६०-६४) पिरॅमिड, वर्तुळ आणि घन आहेत. वर्तुळ सूर्याचे, तर घन यदृच्छेचे प्रतीक. येथे वेधशाळेची भूमिती आली, पण आकाश मोजण्याचे काम मागे राहिले. यंत्राचे प्रतीक झाले.

नॅन्सी होल्ट यांच्या ‘सन टनेल्स’ (१९७३-७६) या कलाकृतीचे जंतरमंतरशी रूपसाम्य नाही, आणि तिला त्याचे अनुकरण म्हणण्याचेही कारण नाही. युटाच्या वाळवंटात काँक्रीटच्या चार नळ्या अयनदिनांच्या सूर्योदय-सूर्यास्तांच्या दिशांना धरून मांडलेल्या आहेत. ही मांडणी अन्य अक्षांशावर उचलून नेली तर दिशा चुकतील. रूपाने दूर असलेली ही कलाकृती तत्त्वाने जयपूरच्या अधिक जवळची आहे.

कला म्हणजे उपकरण नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. नोगुचींच्या उद्यानाचे शिल्पमूल्य या कसोटीने उणावत नाही. ते पर्यावरणकला असल्याचा दावाही करत नाही. परंतु जी कलाकृती स्वतःला स्थळाशी बांधील म्हणवते, तिने पाषाणवास्तूकडून केवळ आकार घेतला, तर तो दावा अपुरा पडतो. तिच्या समीक्षेत आकारसाम्याच्या याद्यांपेक्षा एक प्रश्न आधी विचारावा लागेल : ही कलाकृती दुसऱ्या गावी नेली, तर तिच्यात नेमके काय बिघडेल?