गिळलेली वस्तू आणि फिरती दुर्बीण : एक परीक्षण

कोठेही नेता येण्याजोगी दुर्बीण तातडीच्या उपचारकक्षात आली, म्हणजे गिळलेल्या वस्तूंचा प्रश्न सुटेल, असे मत अलीकडे मांडले जाते. या मतात तथ्य आहे. तथापि वस्तू दिसणे आणि वस्तू निघणे या दोन भिन्न क्रियांची त्यात गल्लत होते, व ती रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल यांनी जठरात ताठ नळी उतरविली, ती तलवार गिळणाऱ्या एका कसरतपटूच्या साहाय्याने. १९५४ मध्ये हॉपकिन्स व नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा नेता येते हे दाखविले. १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी लवचिक दुर्बीण सिद्ध केली. परंतु त्याआधीच, ताठ नळीच्या युगात, शेव्हालिए जॅक्सन यांनी उभारलेला गिळलेल्या वा श्वासमार्गात गेलेल्या २,३७४ वस्तूंचा संग्रह आज फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात आहे. वस्तू काढण्यापूर्वी ते तशाच वस्तूवर सराव करीत. साधन आज सुटसुटीत झाले. हाताच्या तयारीला मात्र पर्याय निघालेला नाही.

आता शोधाचा विचार करू जाता, नाणे किंवा घड्याळाचा सेल क्ष-किरणचित्रात तत्काळ दिसतो; तेथे दुर्बिणीने शोधण्यासारखे काही उरत नाही. माशाचा काटा, लाकूड, प्लॅस्टिक मात्र क्ष-किरणांना बहुधा हुलकावणी देतात, आणि तेथे दुर्बिणीचे मोल निर्विवाद आहे. उलट, वस्तू लहान आतड्यात पुढे सरकली असल्यास दुर्बिणीला काहीच न दिसणे हा निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही.

अन्ननलिकेत अडकलेला सेल किंवा धारदार वस्तू शक्यतो दोन तासांत, फार तर सहा तासांत काढावी, असे युरोपीय तज्ज्ञांच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. सेलच्या विद्युत्प्रवाहाने अल्क निर्माण होऊन नलिका भाजू लागते. वस्तू काढण्यास चिमटा, जाळी, संरक्षक नळी, भूल आणि श्वासमार्गाची राखण लागते. यांपैकी काही गोष्टी पेटीत घालून नेता येत नाहीत.

हर्सूलचे उदाहरण घ्यावे. येथे मध्यवर्ती कारागृह आहे, आणि फुलंब्री-सिल्लोडकडील रुग्ण याच रस्त्याने शहरातील घाटी रुग्णालयाकडे येतो. हेतुपुरस्सर पाते वा खिळा गिळण्याचे प्रकार बंदिवानांत जगभर आढळतात. बंदोबस्तात बाहेर नेण्याची यातायात टळावी म्हणून कारागृहातच दुर्बीण असावी, ही कल्पना आकर्षक वाटते. पण अन्ननलिकेतील पाते तेथे नुसते पाहिले आणि काढता आले नाही, तर गेलेला वेळ रुग्णाचाच गेला; शिवाय अननुभवी हाताने नलिका फाटण्याचे भय वेगळेच. अशा ठिकाणी क्ष-किरणयंत्र, लक्षणांची जाण आणि सज्ज रुग्णवाहिका अधिक उपयोगी. सेल गिळलेल्या, एक वर्षावरील व गिळू शकणाऱ्या मुलास पहिल्या बारा तासांत मध चाटविता येतो. त्यासाठी प्रवास मात्र खोळंबू नये.

फिरत्या दुर्बिणीचे खरे स्थान मोठ्या रुग्णालयात, हलविता न येणाऱ्या रुग्णाच्या खाटेशी, निष्णात वैद्याच्या हाती आहे. म्हणून तिच्यावरील संशोधनाने किती वस्तू दिसल्या एवढेच मोजून थांबू नये; गिळल्यापासून निघेपर्यंत किती वेळ गेला, हे मोजावे. त्या मोजणीत जी योजना उतरेल, तीच स्वीकारार्ह होय.