ड जीवनसत्त्व, खुब्याची शस्त्रक्रिया आणि तिसरा मजला : एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

डिलाईल रोड, म्हणजेच ना. म. जोशी मार्ग, येथे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात ३२ चाळी बांधल्या. तळमजला व त्यावर तीन मजले, मधून बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांस १६० चौरस फुटांच्या खोल्या, मजल्यावर सामायिक शौचालय आणि चढउतारासाठी केवळ जिना, अशी त्यांची रचना. अशा इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील एखादी वृद्धा पडते, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रियाही यशस्वी होते. ती पुन्हा चालू लागेल काय, हा खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. या प्रश्नाचे उत्तर ड जीवनसत्त्वात शोधण्याची प्रवृत्ती वैद्यकीय लेखनात वाढली आहे. त्या उत्तराची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सहसंबंध आणि कार्यकारणभाव

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या, ६५ वर्षांवरील २९० रुग्णांचा विचार केला गेला. ज्यांच्या रक्तातील ड जीवनसत्त्व प्रति मिलिलिटर १२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी होते, त्यांची चालण्याची क्षमता ३० व ६० दिवसांनंतर तुलनेने कमी आढळली. निष्कर्ष महत्त्वाचा आहे. परंतु हा अभ्यास निरीक्षणात्मक आहे, हे विसरता कामा नये. जो वृद्ध आधीच दुर्बल आहे तो घराबाहेर कमी पडतो, त्याला ऊन कमी मिळते आणि तो सावकाश बरा होतो. अशा वेळी जीवनसत्त्वाची कमतरता हे दुर्बलतेचे कारण की तिचे लक्षण, हे केवळ रक्ततपासणीवरून ठरत नाही.

प्रत्यक्ष प्रयोगांचे निष्कर्ष वरवर पाहता परस्परविरोधी वाटतात. १९९२ च्या फ्रेंच चाचणीत वृद्धाश्रमांतील ३,२७० स्त्रियांपैकी काहींना रोज ८०० एकके ड जीवनसत्त्व व कॅल्शियम देण्यात आले. त्यांच्यात खुब्याचे अस्थिभंग लक्षणीय घटले. उलट, आधी हाड मोडलेल्या ५,२९२ वृद्धांवरील २००५ च्या ब्रिटिश चाचणीत लाभ दिसला नाही. २०२२ साली २५,८७१ अमेरिकी प्रौढांच्या चाचणीतही अस्थिभंग कमी झाले नाहीत. या विरोधाचा संभाव्य उलगडा असा की, जेथे उणीव खोल आहे तेथे पूरक मात्रा उपयोगी पडते. जेथे उणीव नाही तेथे तिचे काम उरत नाही. अधिक म्हणजे उत्तम, हेही खरे नव्हे. २०१० च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत वर्षातून एकदाच ५,००,००० एककांची मात्रा घेणाऱ्या वृद्ध स्त्रियांत पडण्याचे व हाडे मोडण्याचे प्रमाण वाढलेच.

याच वर्षी प्रसिद्ध झालेली झुरिच येथील चाचणी आपल्या विषयाच्या सर्वांत जवळची आहे. खुब्याचे हाड मोडलेल्या १७३ रुग्णांत रोज ८०० एककांऐवजी २,००० एकके दिल्याने पुन्हा रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. पडण्याचे प्रमाण मात्र घटले नाही. ते २५ टक्क्यांनी घटले वाढीव व्यायामोपचारामुळे, ज्यात घरी करावयाच्या व्यायामाचाही समावेश होता. जीवनसत्त्व आणि हालचाल यांची कार्यक्षेत्रे भिन्न आहेत, असा याचा अर्थ घेता येईल.

उन्हाचे शहर, उन्हाविना शरीर

डिलाईल रोडपासून जवळच परळला असलेल्या के. ई. एम. रुग्णालयातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २५ ते ३५ वयोगटातील निरोगी व्यक्तींपैकी सुमारे ७० टक्के जणांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. तरुणांचे निष्कर्ष वृद्धांना जसेच्या तसे लागू करणे सदोष ठरेल. तथापि शहरावर ऊन पडणे आणि ते त्वचेपर्यंत पोहोचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे यातून निश्चित होते. वाढत्या वयात त्वचेची हे जीवनसत्त्व निर्माण करण्याची क्षमता घटते आणि बंद काचेतून येणारे ऊन त्यासाठी निरुपयोगी असते.

येथे वास्तुरचनेचा संबंध येतो. शस्त्रक्रियेनंतर जिना उतरता न येणारी वृद्धा उन्हाला मुकते आणि चालण्याच्या सरावालाही मुकते. मधल्या बोळात थोडे चालता येईल. पण तेथे ऊन नाही. म्हणजे औषधाची चिठ्ठी यांपैकी एकच उणीव भरून काढू शकते. उपरोक्त चाचण्यांच्या विवेचनात रुग्ण कोणत्या मजल्यावर राहतो, हा घटक मध्यवर्ती नाही. आपल्याकडे मात्र तो मध्यवर्ती मानावा लागेल.

समारोप

उणीव असलेल्या वृद्ध रुग्णास ड जीवनसत्त्व योग्य मात्रेत अवश्य द्यावे. त्याविषयी दुमत नाही. आक्षेप आहे तो सामाजिक प्रश्नाचे गोळीत रूपांतर करण्यास. म्हाडामार्फत होत असलेल्या पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरे व उद्वाहन मिळणे हा या दृष्टीने आरोग्याचाही प्रश्न आहे. परंतु तळाशी वृद्धांना बसण्या-चालण्यासाठी मोकळी, उन्हाची जागा राहिली नाही, तर हा लाभ अर्धाच ठरेल. रुग्णालयातून घरी पाठविताना रक्तातील जीवनसत्त्वाची पातळी नोंदवली जाते, तशीच आणखी एक नोंद व्हावी : घर कितव्या मजल्यावर आहे आणि खाली उतरण्याची सोय काय?