प्रदर्शनाची यादी म्हणजे संदर्भसूची नव्हे

१२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन, ५ जूनला पर्यावरण दिन. बीड, माजलगाव, अंबाजोगाई, कुठल्याही कॉलेजच्या ग्रंथालयात यातल्या एखाद्या दिवशी गेलात तर चित्र साधारण सारखंच दिसेल. टेबलं जोडलेली, वर कापड, त्यावर विज्ञान-आरोग्य-हवामानाची पुस्तकं, आणि नोटीस बोर्डावर त्यांची यादी. (५ जूनला सुट्ट्या असतात, पण फोटो निघतो.) तुमच्यातले बरेचजण त्या यादीचा मोबाइलवर फोटो काढतात आणि आराखडा लिहायची वेळ आली की तीच संदर्भसूची म्हणून उतरवतात. आजची माझी तक्रार त्या यादीबद्दल आहे.

प्रदर्शनात पुस्तकं कमी असतात किंवा जुनी असतात, ही माझी तक्रार नाही. ग्रंथालयाला मिळणारा निधी बघता जे मांडलेलं असतं ते पुष्कळ आहे. अडचण वेगळी आहे. ही यादी कपाटानुसार तयार होते, प्रश्नानुसार नाही.

बीडचाच एक प्रश्न घ्या. ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रिया फार होतात, ही गोष्ट २०१९ मध्ये राज्यभर गाजली. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हाच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे जवळपास १७ टक्के. हा विषय विज्ञानाचा, वैद्यकाचा की हवामानाचा?

आता हे ग्रंथालयात शोधून बघा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ड्यूई दशांश पद्धत चालते. त्यात स्त्रीरोग ६१८.१ वर, कामगार ३३१ वर, हवामानशास्त्र ५५१.६ वर आणि ऊस ६३३.६१ वर. एकाच बाईची गोष्ट चार कपाटांत वाटली गेली. अंबाजोगाईत तर स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि कला-विज्ञानाची कॉलेजंही त्याच गावात आहेत, म्हणजे कपाटंच काय, इमारतीही वेगळ्या. पुस्तक सापडायचं तर वर्गीकरण असं असायलाच हवं, त्यात चूक काही नाही. पण प्रदर्शन ही अशी एकच जागा आहे जिथे ग्रंथपाल ही कपाटं मोडून चार पुस्तकं शेजारी-शेजारी ठेवू शकतो. ती संधी आपण ‘आरोग्यविषयक ग्रंथ’ अशी पाटी लावून घालवतो.

असं करता येतं का? येतं. अमेरिकेतलं नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन (ज्यांचं पबमेड तुम्ही वापरता तेच) फिरती प्रदर्शनं तयार करतं आणि ती विद्यापीठांच्या ग्रंथालयांत लागतात. त्यातलं एक शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या १८९२ सालच्या एका कथेभोवती बांधलंय. त्या काळी बायकांच्या मानसिक त्रासावर डॉक्टर सक्तीच्या विश्रांतीचा उपचार सांगायचे. त्या उपचारातून गेलेल्या बाईने लिहिलेली ही कथा. प्रदर्शनात कथा, वैद्यक आणि बायकांचं समाजातलं स्थान एकत्र येतं. फलक मोजकेच, पण बघणारा प्रश्न घेऊन बाहेर पडतो. अर्थात तिथला अनुभव तिथलाच. ते फलक आणून इथे लावले तर कोयत्याबद्दल त्यात अक्षर सापडणार नाही.

हवामानाच्या टेबलाबद्दल थोडं जास्त बोलायचंय, कारण सध्या सगळ्यांना ‘हवामान बदल आणि…’ असं शीर्षक हवंय. पाऊस कमी, म्हणून कोरडवाहू पीक गेलं, म्हणून मुकादमाकडून उचल घेतली, म्हणून नवरा-बायको एक कोयता होऊन कारखान्यावर गेले, म्हणून पाळीत किंवा आजारपणातही खाडा परवडत नाही, दुखणं अंगावर निघतं, आणि शेवटी डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका. ऐकायला सरळ साखळी वाटते. पण यातल्या प्रत्येक ‘म्हणून’ला वेगळा पुरावा लागतो. पहिल्याला पर्जन्याच्या नोंदी, दुसऱ्याला-तिसऱ्याला कर्जाचा आणि स्थलांतराचा अभ्यास, शेवटच्याला दवाखान्याचे कागद. यादीत नुसती हवामान बदलाची पुस्तकं असली की सगळा दोष आभाळावर जातो आणि मुकादम, कारखाना, खासगी दवाखाना वाचनातूनच गायब होतात. पाण्याची वाटणीसुद्धा गायब होते. मराठवाड्याच्या अनुशेषावर १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल आहे, २०१३ चा केळकर समितीचा आहे. पर्यावरण दिनाच्या टेबलावर हे मला कधी दिसले नाहीत.

आकड्यांचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात पिशवी काढलेल्या बायकांचं प्रमाण साधारण ३ टक्के येतं. लगेच १७ विरुद्ध ३ असा तक्ता काढू नका. ती पाहणी १५ ते ४९ वयाच्या बायकांची आहे. बीडच्या पाहणीतल्या ८२,३०९ मध्ये कोणत्या वयाच्या बायका धरल्या, वय कसं विचारलं, हे आधी बघा. फरक मोठा आहे यात शंका नाही, पण तोंडी परीक्षेत तुम्हाला छेदच विचारला जाणार आहे.

मग यादी कशी करायची? आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. मग प्रत्येक नोंदीपुढे एक ओळ लिहा: हे मी कशासाठी वाचतोय किंवा वाचतेय. ती ओळ सुचत नसेल तर पुस्तक चांगलं असूनही ते या यादीतलं नाही. नोटीस बोर्डावरच्या यादीत लेखक, प्रकाशक, साल सगळं असतं, फक्त ही ओळ नसते. यादीत नुसती पुस्तकं नकोत. शोधगंगेवर मराठवाड्यातले प्रबंध फुकट वाचता येतात. त्यांच्या संदर्भसूच्या आपल्या ग्रंथालयाच्या यादीपेक्षा पुष्कळदा उपयोगी पडतात.

शोधशब्द मात्र जपून निवडा. पबमेडमध्ये ‘हिस्टरेक्टॉमी’ इंग्रजीत टाकल्याशिवाय काही मिळणार नाही. मराठी कागदपत्रांत ‘गर्भाशय’ असेल, ‘गर्भपिशवी’ असेल. मुलाखतीत बाई नुसतं ‘पिशवी’ म्हणेल. तिन्ही वहीत लिहून ठेवा. जिल्ह्याच्या नावाचंही असंच. १९६९ च्या इंग्रजी गॅझेटिअरवर जिल्ह्याचं नाव ‘भीर’ आहे, त्यामुळे तालिकेत ‘बीड’ टाकून काही सापडलं नाही तर ‘भीर’ टाका. १९४८ च्या आधीचं काही हवं असेल तर तेव्हा आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. पुण्या-मुंबईच्या यादीत ते बहुधा नसेल, शोध हैदराबादकडे वळवा, आणि उर्दू वाचणारं कुणीतरी आत्तापासूनच गाठून ठेवा.